डोमेन नाव आणि गूगलवरचा क्रम: कोकणातल्या नव्या व्यावसायिकांसाठी

तारकर्लीत दोन खोल्यांचं घरगुती निवास सुरू करणारे असोत, देवगडातून घरपोच पेट्या पाठवणारे बागायतदार असोत, की हर्णैजवळ डॉल्फिन दाखवायला बोट नेणारे असोत, वेबसाइट काढायची ठरली की पहिला प्रश्न एकच येतो. गावाचं नाव आणि धंद्याचं नाव जोडून डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेतलं, तर गूगलवर वर येऊ का?

तेवढ्याने येणार नाही. डोमेनमधल्या शब्दांमुळे क्रमात जवळजवळ काहीच भर पडत नाही. उलट डोमेन दुसऱ्याच्या ताब्यात राहिलं, मुदत संपून निसटलं, घाईघाईत बदललं किंवा आधीपासूनच बदनाम निघालं, तर मिळवलेली जागा मात्र जाते. म्हणून नाव निवडण्यापेक्षा ते नीट घेण्याला आणि सांभाळण्याला इथे जास्त जागा दिली आहे.

शोधाचे शब्द नावात कोंबून काय होतं

एके काळी ही युक्ती चालत होती. लोक जे शब्द टाइप करतात तेच जोडून डोमेन घेतलं की आत चार ओळींचा मजकूर असला तरी साइट वर दिसायची. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने नेमका यावरच बदल आणला आणि नाव तंतोतंत, पण मजकूर पोकळ अशा साइट खाली गेल्या. पेटीवर 'देवगड' छापलं म्हणून आतला परराज्यातला आंबा देवगडचा होत नाही. गूगल तेव्हापासून पेटी उघडून पाहतं.

अशा नावाला बंदी नाही. मजकूर चांगला असेल तर तेही वर येतं, पण ते मजकुराच्या बळावर. त्याचं खरं नुकसान दुसरीकडे होतं, आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

लोक दोन तऱ्हेने शोधतात. एक कामाने: 'तारकर्ली होमस्टे', 'हापूस आंबा ऑनलाइन'. दुसरी नावाने: मागच्या वर्षी राहून गेलेला पाहुणा तुमचं नाव आठवून टाकतो. कामाच्या शोधात वर नकाशा येतो, खाली मोठमोठ्या बुकिंग कंपन्या येतात, आणि तिथे नव्या साइटला जागा मिळायला वेळ लागतो. नावाच्या शोधात मात्र पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतही पहिली जागा मिळू शकते, कारण त्या नावाचं दुसरं कोणी नसतं. आता तुमच्या निवासाचं नावच 'तारकर्ली होमस्टे' असेल, तर तो जुना पाहुणा तुम्हाला नावाने शोधू लागला तरी गूगलला तो कामाचाच शोध वाटतो आणि ते त्याला पंचवीस निवासं दाखवतं. हमखास मिळणारा पहिला क्रमांक अशा नावाने हातचा घालवला जातो.

गावाचे आणि कामाचे शब्द लागतातच, फक्त त्यांची जागा वेगळी आहे. पानाच्या शीर्षकात 'तारकर्ली किनाऱ्याजवळ दोन खोल्यांचं घरगुती निवास, मालवणी जेवणासह' असं लिहा. मुख्य मथळ्यात, पहिल्या परिच्छेदात, फोटोंच्या वर्णनात आणि आतल्या पानाच्या पत्त्यात हे शब्द सहज येऊ द्या. मजकूर मराठीतही असू द्या. 'हापूस पेटी दर' असं देवनागरीत टाकणाऱ्याला देवनागरीतलं पान सापडण्याची शक्यता जास्त असते.

एक धोका इथेच सांगायला हवा. काही जण मालवण, देवबाग, वायरी, निवती अशी गावागणिक वेगळी डोमेनं घेऊन सगळीकडे तेच पान टाकतात आणि प्रत्येकावरून ग्राहक एकाच फोनकडे वळवतात. गूगलच्या स्पॅम धोरणात, म्हणजे फसव्या युक्त्यांविरुद्धच्या नियमांत, अशा पानांचा स्पष्ट उल्लेख आहे. एक-दोन नाही, सगळीच्या सगळी डोमेनं खाली जाऊ शकतात. एकच डोमेन ठेवा आणि गावांची माहिती त्याच्यातल्या वेगवेगळ्या पानांवर खरोखर वेगळी लिहा: कुठून किती अंतर, रस्ता कसा, भरतीला काय होतं.

रोमन लिपीत मराठी नाव: खरा घोळ इथे होतो

डोमेन बहुधा रोमन लिपीत असतं आणि आपली नावं मराठी. एकच नाव चार जण चार तऱ्हांनी लिहितात. 'कोकण' मध्ये कोणी मधला एन घालतं, कोणी घालत नाही. मालवण आणि सावंतवाडीत व्ही की डब्ल्यू? देवगडच्या शेवटी डी की आर-एच? वेंगुर्ल्याच्या शेवटी ए की ई? 'हापूस' मध्ये ए एक की दोन, यू एक की ओ दोन? चुकीचं स्पेलिंग शोधपेटीत टाकलं तर गूगल बरेचदा सांभाळून घेतं. पत्त्याच्या पट्टीत टाकलं तर कोणी सांभाळत नाही. पाहुणा कोऱ्या पानावर पोचतो किंवा दुसऱ्याच्या दारात.

म्हणून नाव पक्कं करण्याआधी ही चाचणी घ्या. पाच जणांना फोन करा: एक मुंबईला असलेला चाकरमानी नातेवाईक, एक कॉलेजातली मुलगी, एक वयस्क माणूस, एक मराठी न बोलणारा, आणि एक असा की जो नेहमी इंग्रजीतच टाइप करतो. नाव फक्त तोंडी सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला सांगा. पाचांपैकी चौघांचं एकसारखं आलं तर नाव घ्या. दोन स्पेलिंगं समोर आली तर दोन्ही डोमेनं घ्या आणि दुसरं पहिल्याकडे वळवा. तीन-चार आली तर ते नाव सोडून द्या, कितीही आवडलेलं असलं तरी.

'होडी' सारखा शब्द या चाचणीत सहज टिकतो. 'आगर' अडखळतो, कारण सुरुवातीला ए एक की दोन हे ठरत नाही. 'माड' रोमनमध्ये एम-ए-डी असा लिहिला तर इंग्रजी वाचणाऱ्याला तो 'वेडा' वाटतो. दोन शब्द जोडताना सांध्यावर तेच अक्षर दोनदा येत असेल तर हमखास चूक होते: 'हापूस' आणि 'स्टोअर' जोडले की दोन एस शेजारी येतात आणि टाइप करणारा एक गाळतो. सगळी अक्षरं छोट्या लिपीत सलग लिहून पाहा, कारण डोमेनमध्ये मोठं-लहान अक्षर असा भेद नसतो आणि मधली जागाही नसते. दोन सोज्वळ शब्द चिकटून मधेच भलताच तिसरा शब्द तयार होतो, तो छापून झाल्यावर दिसण्यापेक्षा आधी दिसलेला बरा.

नियमाप्रमाणे टिंबाच्या आधीच्या भागात ६३ अक्षरं चालतात, पण १५ च्या पुढे जाऊ नका. मधली आडवी रेघ गूगलला खुपत नाही, मात्र फोनवर 'मध्ये डॅश आहे बरं का' असं प्रत्येकाला सांगत बसावं लागतं. दोन-तीन रेघा असलेलं नाव तर फसव्या साइटसारखं दिसतं. आकडे टाळा. अंकात लिहायचा की अक्षरात, हा प्रश्न कायमचा मागे लागतो.

आंबेवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं आहे. या जिल्ह्यांबाहेरचा माल विकणाऱ्याने डोमेनमध्ये हापूस घातला, तर प्रश्न गूगलचा राहत नाही, कायद्याचा होतो. तसंच दुसऱ्याच्या नोंदलेल्या नावाशी मिळतंजुळतं डोमेन घेऊ नका. डॉट इन आणि डॉट कॉम दोन्हींसाठी तक्रारनिवारणाची पद्धत आहे, आणि तक्रार टिकली तर डोमेन काढून तक्रारदाराला दिलं जातं. त्यावर जमवलेला सगळा क्रमही त्याच्याबरोबर जातो.

डॉट कॉम, डॉट इन की डॉट भारत

डॉट इन हे भारताचं. गूगल ते 'ही साइट भारतातल्या लोकांसाठी' अशी खूण म्हणून वाचतं. निवास, बोट, गाडी, देशांतर्गत आंबा-काजू यांना डॉट इन उत्तम. माल आखाती देशांत किंवा त्याही पुढे पाठवणार असाल आणि तिथले ग्राहक गूगलवर सापडायला हवे असतील, तर डॉट कॉम घ्या, म्हणजे देशाचा शिक्का बसत नाही. परदेशातला मुलगा पुण्यातल्या आईवडिलांसाठी पेटी मागवतो, तेव्हा तोही तिकडूनच शोधत असतो, हे विसरू नका. जमलं तर दोन्ही घ्या, साइट एकावरच ठेवा आणि दुसरं तिकडे वळवा.

डॉट शॉप, डॉट स्टोअर, डॉट ट्रॅव्हल अशा नव्या शेपटांना गूगल कमी लेखत नाही आणि झुकतं मापही देत नाही. 'डॉट ट्रॅव्हल घेतलंत तर पर्यटनात वर याल' असं डोमेन विकणारा विक्रेता सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. डॉट को मात्र टाळा. टाइप करणारा सवयीने पुढे एम लावतो आणि दुसरीकडे जातो.

देवनागरी डॉट भारत २०१४ पासून मिळतं आणि त्यात पूर्ण मराठी नाव घेता येतं. गूगल अशा पत्त्यांना नीट वाचतं. तरी व्यवसायाचं एकमेव डोमेन म्हणून ते घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. यंत्रांच्या आत हे नाव रोमन अक्षरांच्या एका विचित्र रूपात फिरतं, आणि काही ॲप व फॉर्म तेच रूप दाखवतात किंवा पत्ताच नाकारतात. त्या डोमेनवरचा ईमेल सगळीकडे पोचेल याचीही खात्री नाही. शिवाय देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली की पत्ता बदलतो: 'हापूस' आणि 'हापुस' ही दोन वेगळी डोमेनं. 'किनाऱ्यावर' मधला ऱ्य वेगवेगळ्या कीबोर्डांवर वेगळ्या रीतीने उमटतो, डोळ्यांना तोच दिसतो आणि यंत्राला वेगळा. गावातल्या पाटीवर मराठी पत्ता हवाच असेल तर सोप्या जोडाक्षरांचं डॉट भारत घ्या आणि ते मुख्य साइटकडे वळवा. तसं करणं चांगलंच, आपल्या लिपीतला पत्ता पाटीवर शोभतो.

किमतीबद्दल: जाहिरातीतला दर पहिल्या वर्षाचा असतो. पैसे भरण्याआधी नूतनीकरणाचा दर शोधा, तो बरेचदा दुप्पट-तिप्पट असतो, आणि वर १८ टक्के जीएसटी. पाच किंवा दहा वर्षांची नोंदणी एकदम केली तर क्रम सुधारतो, हेही विक्रेत्याचंच बोलणं. जास्त वर्षं घेण्याचा फायदा इतकाच की मुदत विसरण्याची भीती कमी होते. तो फायदाही काही लहान नाही.

आधी कोणाचं होतं ते पाहा

तुम्हाला सुचलेलं सुंदर नाव चार वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणी वापरून सोडलेलं असू शकतं. त्यावर जुगाराची किंवा बनावट औषधांची पानं असतील तर तो डाग तुमच्याकडे येतो. तपासायला दहा मिनिटं लागतात.

१. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर ते डोमेन टाका. वर्षवार जुनी पानं दिसतील. कधीच काही नव्हतं असं दिसलं तर उत्तम.

२. गूगलमध्ये रोमन लिपीत 'साइट' हा शब्द, त्याला चिकटून कोलन आणि लगेच डोमेन लिहून शोधा. नव्या नावाला काहीच निकाल यायला नकोत. चिनी-जपानी मजकुराची किंवा पैजांची पानं दिसली तर नाव सोडा.

३. नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधा. फसवणुकीच्या तक्रारी असतील तर इथे दिसतात.

४. डोमेन घेतल्यावर, सर्च कन्सोल (साइट गूगलला कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगलचं साधन) जोडल्याच्या दिवशी, 'मॅन्युअल ॲक्शन्स' हे पान उघडा. जुन्या मालकाच्या काळची कारवाई शिल्लक असेल तर ती तिथे लिहिलेली असते, आणि मालक बदलल्याचं सांगून फेरविचाराची विनंती तिथूनच करता येते.

'जुनं डोमेन घ्या, जुन्याला गूगल मान देतं' असं सांगत महाग डोमेनं विकणारे भेटतील. डोमेनच्या वयाला स्वतःचं असं वजन नाही. उलट मुदत संपलेलं डोमेन केवळ त्याच्या जुन्या लौकिकासाठी घेऊन त्यावर हलका मजकूर टाकणं हा मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम धोरणात नाव घेऊन नोंदलेला प्रकार आहे. 'डोमेन अथॉरिटी इतकी-इतकी' असा आकडा दाखवला जातो, तो मॉझ नावाच्या खासगी कंपनीचा अंदाज आहे. गूगल तो क्रमासाठी वापरत नाही.

नोंदणी स्वतःच्या नावावर

कोकणातल्या छोट्या व्यवसायांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. साइट करून देणारा ओळखीचा असतो, 'डोमेनचं मी बघतो' म्हणतो आणि स्वतःच्या खात्यात नोंदवतो. दोन वर्षांनी तो काम सोडतो किंवा फोन उचलत नाही. मग नूतनीकरण होत नाही आणि साइट बंद पडते. डोमेन कोणाचं हे विक्रेत्याच्या कागदावर ठरतं, साइट कोणी बनवली यावर नाही.

खातं स्वतः उघडा. नोंदणीधारक म्हणून तुमचं किंवा तुमच्या संस्थेचं नाव असू द्या. ईमेल कायम टिकणारा द्या. मुलाच्या कॉलेजचा ईमेल देऊ नका, पदवी झाली की तो बंद होतो. त्याच डोमेनवरचा ईमेलही देऊ नका, कारण डोमेन बंद पडलं की सूचना येणारा ईमेलही त्याच्याबरोबर बंद पडतो. मोबाइल क्रमांक असा द्या की जो पावसातही लागतो. खाडीकाठच्या अनेक वाड्यांत जुलैत रेंज जाते, ओटीपी येत नाही आणि नेमकं तेव्हाच खात्यात शिरता येत नाही. घरातल्या आणखी एका माणसाला खात्याची माहिती असू द्या.

डॉट कॉमसारख्या डोमेनांना नोंदणीनंतर ईमेलची खातरजमा करावी लागते. त्याचा दुवा ईमेलवर येतो. १५ दिवसांत तो दाबला नाही तर डोमेन थांबवलं जातं, आणि 'काल चालत होती, आज नाही' असा फोन येतो. तो ईमेल पुष्कळदा स्पॅममध्ये पडलेला असतो.

नूतनीकरण आपोआप होईल यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप पैसे वळते होण्यावर बंधनं आली, आणि परदेशी विक्रेत्यांकडची वजावट तेव्हापासून बरेचदा अडते. मुदतीच्या दोन महिने आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि हाताने पैसे भरा. डॉट कॉमची मुदत उलटली तर विक्रेत्यानुसार थोडी सवलत मिळते, पुढे ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, त्यानंतर ५ दिवसांनी नाव बाजारात मोकळं होतं. ज्यांच्याकडे बाहेरून दुवे येतात अशी नावं टिपणारे लोक त्याच क्षणाची वाट पाहत असतात. मग कुठल्या तरी पर्यटन लेखात तुमच्या निवासाला दिलेला दुवा जुगाराच्या पानावर उघडतो.

जोडणी: चार दारं, एकच घर

डोमेन एका कंपनीकडे आणि साइटची जागा, म्हणजे होस्टिंग, दुसरीकडे असू शकतं. त्यात गैर काही नाही. होस्टिंगवाला दोन गोष्टींपैकी एक देतो: नेमसर्व्हरची, म्हणजे डोमेनची साइट कुठे आहे ते सांगणाऱ्या यंत्रांची नावं, किंवा ए रेकॉर्ड या नोंदीसाठी आयपी क्रमांक, म्हणजे होस्टिंगच्या यंत्राचा आकडी पत्ता. ती डोमेनच्या खात्यात भरली की काही मिनिटांपासून ४८ तासांपर्यंत बदल सगळीकडे पोचतो. या काळात तुम्हाला साइट दिसते आणि पुण्यातल्या भावाला दिसत नाही, असं होऊ शकतं. घाबरून पुन्हा बदल करू नका, वेळ आणखी लांबतो.

आता हे तपासा. प्रत्येक साइटला चार पत्त्यांनी येता येतं: एचटीटीपी आणि त्याचं सुरक्षित रूप एचटीटीपीएस, आणि या दोघांचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह व त्याशिवाय असं रूप. चारही ठिकाणी तेच पान स्वतंत्रपणे उघडत असेल तर गूगलला एकाच्या चार प्रती दिसतात. त्यातली एक ते स्वतः निवडतं, ती तुम्हाला हवी तीच असेल असं नाही. एक रूप ठरवा, एचटीटीपीएसचंच, आणि बाकीची तीन त्याकडे ३०१ प्रकारच्या कायमच्या वळणाने न्या. चारही पत्ते फोनवर एकेक टाइप करून पाहा. चारही वेळा पट्टीत शेवटी एकच पत्ता उरला पाहिजे.

एचटीटीपीएससाठी लागणारं प्रमाणपत्र बहुतेक होस्टिंगवर फुकट मिळतं. ते ठरावीक दिवसांनी आपोआप नवं व्हावं लागतं. ते अडलं की ब्राउझर लाल इशारा दाखवतो आणि पाहुणा मागे फिरतो. गूगलने २०१४ पासून एचटीटीपीएसला क्रमात हलकंसं वजन दिलं आहे, पण खरा तोटा त्या लाल इशाऱ्याचा.

दुसऱ्या स्पेलिंगची डोमेनं वळवताना विक्रेत्याच्या पानावर दोन पर्याय दिसतात: साधं वळवणं आणि मास्किंगसह. मास्किंग निवडू नका. त्यात पट्टीतला पत्ता बदलत नाही, मूळ पान एका चौकटीत अडकवून दाखवलं जातं, आणि गूगलला त्या डोमेनवर रिकामी चौकट मिळते. ३०१, म्हणजे कायमचं, हा पर्याय घ्या. वळवलेल्या नावांमुळे क्रम वाढत नाही, फक्त चुकलेला माणूस घरी पोचतो.

गूगलला कळवणं

सर्च कन्सोलमध्ये 'डोमेन' प्रकारची नोंद निवडा. ती चारही रूपांना एकदम लागू होते. गूगल एक मजकूर देतं, तो डोमेनच्या खात्यात टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे साध्या मजकुराची नोंद, म्हणून टाकायचा आणि पुढेही काढायचा नाही. मग साइटमॅप, म्हणजे साइटच्या पानांची यादी असलेली फाइल, द्या. नवी साइट दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात.

महिना उलटूनही नाव टाकल्यावर साइट येत नसेल तर पहिला संशय डोमेनवर घेऊ नका. साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीवर असेल तर तिच्या सेटिंगमध्ये वाचनाच्या पानावर शोधयंत्रांना परावृत्त करण्याची एक चौकट असते. साइट तयार होत असताना तिच्यात टिक केलेली असते आणि नंतर काढायची राहते. आधी ती पाहा.

शोधाच्या निकालात हल्ली पत्त्याच्या वर साइटचं नाव दिसतं. ते गूगल मुख्य पानावरच्या माहितीवरून ठरवतं, आणि साइट करणाऱ्याला सांगून 'वेबसाइट' प्रकारच्या संरचित माहितीत, म्हणजे पानात यंत्रांसाठी लिहिलेल्या नोंदीत, हवं ते नाव लिहून घेता येतं. म्हणजे डोमेन रोमन असलं तरी नाव 'होडी' असं देवनागरीत सुचवता येतं.

नकाशावर दिसणाऱ्या गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलमध्ये वेबसाइटचा पत्ता ठरवलेल्या रूपातच भरा. पाटीवर जे नाव आहे तेच तिथे लिहा. नावापुढे 'तारकर्ली बेस्ट होमस्टे बीच व्ह्यू' अशी शेपटं जोडणं नियमाबाहेर आहे आणि त्यामुळे प्रोफाइल थांबवलं जाऊ शकतं. नकाशातून येणारा ग्राहक जास्त असलेल्या आपल्या भागात हे फार महाग पडतं.

डोमेन बदलायचंच असेल तर

शक्यतो बदलू नका. वाटण्या झाल्या, नाव वादात सापडलं किंवा स्पेलिंगने छळलं, तर बदलावं लागतं. वेळ मात्र जपून निवडा. डोमेन बदललं की काही आठवडे क्रम वरखाली होतो. निवासवाल्यांनी दिवाळी आणि डिसेंबरच्या तोंडावर, आंबेवाल्यांनी फेब्रुवारी ते मे या काळात हात लावू नये. जूनअखेर ते जुलै हा सगळ्यांना सोयीचा काळ: समुद्र बंद, पेट्या संपलेल्या, आणि गणपतीला अजून अवकाश. ऑक्टोबरपर्यंत गूगल नव्या पत्त्याला सरावतं.

१. जुन्या साइटच्या सगळ्या पानांची यादी करा. सर्च कन्सोलमधून सर्वाधिक भेटींची पानं वेगळी काढा.

२. नव्या डोमेनवर तीच पानं त्याच आतल्या पत्त्यांनी ठेवा. याच वेळी रंगरूप आणि मजकूर बदलू नका. क्रम घसरला तर कशामुळे हे मग कळत नाही.

३. प्रत्येक जुनं पान त्याच्याच नव्या पानाकडे ३०१ ने वळवा. आळसाने सगळी पानं नव्या मुखपृष्ठाकडे वळवली जातात. 'देवबागला कसं यावं' हे पान शोधत आलेला मुखपृष्ठावर आदळतो, आणि गूगल ती पानं हरवली असं धरतं.

४. आतले दुवे, साइटमॅप आणि कॅनॉनिकल पत्ते (पानाचा खरा पत्ता कोणता हे गूगलला सांगणारी खूण) नव्या डोमेनचे करा. कॅनॉनिकल जुना राहिला तर एकीकडून 'इकडे या' आणि दुसरीकडून 'खरं घर तिकडे' असे दोन निरोप जातात.

५. एकाच गूगल खात्यात जुनं आणि नवं अशी दोन्ही डोमेनं सर्च कन्सोलला जोडा आणि 'पत्ता बदल' हे साधन वापरा.

६. व्यवसाय प्रोफाइल, इन्स्टाग्राम, बुकिंग कंपन्यांची पानं, व्हॉट्सॲप बिझनेस इथला पत्ता त्याच आठवड्यात बदला. ज्यांनी तुमच्याबद्दल लिहून दुवा दिला आहे त्यांना दुवा बदलण्याची विनंती करा. दहातले तीन बदलतील, तेवढे पुरतात.

वळवणं किमान एक वर्ष चालू ठेवावं असं गूगल सांगतं. त्यावर थांबू नका. जुना पत्ता आंब्याच्या रिकाम्या पेट्यांवर, पाहुण्यांच्या जुन्या व्हॉट्सॲप संदेशांत, एसटी थांब्याजवळच्या पाटीवर अजून असतो. जुन्या डोमेनचं पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण नवं डोमेन घेता त्याच दिवशी करून टाका, आणि दोन्हींच्या मुदतीची तारीख एकाच कागदावर लिहून ठेवा.